शोकाचा अधिकार : नेमो, नानासाहेब आणि अद्भुतकथेतील खलपुरुष

१

नाट्यशास्त्रात भरताने रसांचा जो जन्यजनकभाव सांगितला आहे, त्यात करुणाची उत्पत्ती रौद्रापासून मानली आहे. एकाचा क्रोध दुसऱ्याच्या शोकाला कारण होतो, हा त्याचा सरळ अर्थ. एक शस्त्र उगारतो आणि दुसऱ्याच्या घरात आक्रोश उठतो. परंतु याच्या उलट प्रवासही साहित्याला पूर्वापार परिचित आहे. शोकाचाच क्रोध होतो, आणि तो क्रोध नव्या शोकाला जन्म देतो. रामायणाच्या आरंभी ऋषीच्या शोकाचा श्लोक झाला, हे आपण कौतुकाने सांगतो; पण तो श्लोक मुळात निषादाला दिलेला शाप होता, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. महाभारताच्या सौप्तिकपर्वात तर शोकाला काव्याचा आडोसाही उरत नाही. तेथे शोक रात्रीच्या अंधारात झोपलेल्यांची कत्तल करतो.

शोकातून घडलेला खलपुरुष हा म्हणूनच आधुनिक मानसशास्त्राचा शोध नव्हे. आधुनिक काळाने त्यात एका प्रश्नाची भर घातली : असा पुरुष खल आहे की केवळ दुःखी, हे ठरवायचे कोणी? मेरी शेलीच्या १८१८ मधील कादंबरीत मानवनिर्मित राक्षस आपली बाजू स्वतः मांडतो, तेव्हा हा प्रश्न अद्भुतकथेत प्रथम ठळकपणे उभा राहतो. तो राक्षस मात्र उपेक्षेतून क्रूर होतो. गमावण्यासारखे त्याच्यापाशी मुळात काही नव्हतेच. सर्वस्व असलेला, ते गमावलेला आणि त्यानंतर जगावर उलटलेला पुरुष ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांत भेटतो. त्यातही मराठी वाचकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की, या शोकाचे मूळ व्हर्नने दोनदा १८५७ च्या हिंदुस्थानात शोधले. एकदा त्यातून कॅप्टन नेमो सिद्ध झाला, तर दुसऱ्यांदा नानासाहेब. उगम एकच असलेल्या या दोन व्यक्तिरेखांपैकी एक वंदनीय आणि दुसरी तिरस्करणीय का ठरावी, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

२

समुद्राखालील वीस हजार लीगांच्या प्रवासाची कथा १८६९-७० मध्ये एत्झेल या प्रकाशकाच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नेमो हा पोलिश सरदार असावा आणि १८६३ च्या पोलिश उठावात रशियनांनी त्याच्या कुटुंबाची कत्तल केलेली असावी, अशी व्हर्नची मूळ कल्पना होती. एत्झेलला ती मानवेना. रशियातील वाचक आणि तेथील राज्यकर्ते दुखावतील, ही त्याची भीती होती. नेमोचा वैरी गुलामांचा व्यापार करणारा दाखवावा, असा पर्याय त्याने सुचविला. तो व्हर्नने नाकारला. या ओढाताणीतून निघालेली तडजोड अशी की, नेमोला देश उरला नाही आणि त्याच्या शत्रूला ध्वज उरला नाही. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘कोणीही नाही’ असा आहे.

व्यापारी सावधगिरीतून आलेले हे मौन कलेला मात्र उपकारक ठरले. कादंबरीच्या अखेरीकडे नॉटिलस एका अनोळखी युद्धनौकेला भेदून बुडविते. निवेदक प्राध्यापक आरोनाक्स पाण्यात गुदमरणारी माणसे काचेतून पाहतो, आणि नेमोही ती पाहतो. त्यानंतर नेमो आपल्या खोलीत जातो, एक तरुण स्त्री आणि दोन लहान मुले यांच्या चित्रासमोर गुडघे टेकतो आणि हुंदके देतो. देश, आईबाप, पत्नी, मुले यांचा नाश आपण डोळ्यांनी पाहिला, एवढेच आरोनाक्सला आधी कळलेले असते. कोणी केला, कुठे केला, हे कळत नाही. कारण अज्ञात राहते आणि शोक मात्र प्रत्यक्ष दिसतो. त्यामुळे वाचकाला नेमोच्या बाजूने उभे राहता येत नाही आणि विरुद्धही जाता येत नाही. बुडणाऱ्या खलाशांनाही घरी कोणीतरी असेल, हा विचार आरोनाक्सबरोबर वाचकाच्याही मनात येतो. क्रौर्य आणि करुणा एकाच दृश्यात, एकमेकांना न पुसता नांदतात.

याच कादंबरीत सिलोनच्या किनाऱ्यावर नेमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या तोंडातून सोडवितो आणि त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो. हा मनुष्य पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे आणि आपणही अजून त्याच देशाचे आहोत, अशा आशयाचे उद्गार तो काढतो. पाच वर्षांनी उघड व्हायच्या रहस्याची ही सूचना म्हणावी, तर ती लिहिताना नेमोचे हिंदीपण व्हर्नच्या मनात होते, असे दिसत नाही. पीडितांचा देश हा त्या वेळी त्याच्या लेखी नकाशावरचा देश नव्हताच.

३

१८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत हा शोक नकाशावर येतो. मरणासन्न नेमो आपली कहाणी सांगतो. तो बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, राजपुत्र डक्कर. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात गेलेला, १८४९ मध्ये परतलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात कुटुंब गमावलेला. त्याला टिपूचा पुतण्याही ठरविले आहे. बुंदेलखंडाचा राजपुत्र म्हैसूरच्या सुलतानाचा पुतण्या कसा, हा प्रश्न व्हर्नला पडलेला नाही. हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या लेखकाने इंग्रजांचे दोन पराभूत शत्रू एका वंशावळीत बसविले, इतकेच. मात्र ज्या बुंदेलखंडात त्याने हा काल्पनिक शोक रुजविला, तेथे झाशी होती, बांदा होते, आणि छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या मुलुखापासूनचा मराठी इतिहासही होता.

शोकाला नाव मिळाले, शत्रूला ध्वज मिळाला. रशियाविषयी जे छापता येत नव्हते ते इंग्लंडविषयी छापता आले. पण त्याबरोबर नेमोचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तो वृद्ध झाला, एकाकी झाला, बेटावरच्या अमेरिकनांचा अदृश्य उपकारकर्ता झाला. आपल्या आयुष्याचा निवाडा त्याने सायरस स्मिथ या अभियंत्याकडे मागितला, आणि स्मिथने दिलेला निवाडा असा की, गेलेला काळ परत आणता येईल असे मानण्यात आणि अटळ प्रगतीशी झुंजण्यात त्याची चूक झाली. चूक सूडाची नव्हे, भूतकाळाला धरून राहण्याची! ज्याची मुले मारली गेली त्याला उद्देशून हे वाक्य उच्चारले जाते, आणि कादंबरी त्यावर भाष्य करीत नाही. हस्तलिखितात नेमोचा शेवटचा उद्गार स्वातंत्र्याचा होता. प्रकाशकाच्या आग्रहाने त्याच्या जागी ईश्वर आणि मायभूमी आली. इंग्रजी वाचकापर्यंत तर हेही नीट पोहोचले नाही. १८७५ मध्ये किंग्स्टन यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या भाषांतरात डक्करच्या कहाणीतील इंग्रजविरोधी भाग बदलला गेला. शोक कायम राहिला, पण त्याचा दोष कोणावर, हे फिरले.

म्हणजे खलत्वातून नेमोची सुटका झाली ती दोन अटींवर. त्याने सूड सोडावा आणि आपल्या शोकाचा अर्थ दुसऱ्याला लावू द्यावा. क्षमा त्याला मिळाली. अर्थनिर्णयाचा अधिकार मिळाला नाही.

४

या अटी न मानणारा मनुष्य कसा रंगविला जातो, हे १८८० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या वाफेच्या घराच्या कादंबरीत दिसते. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, त्याच्यामागे चाकांवरची दोन घरे आणि त्यांतून १८६७ मध्ये उत्तर हिंदुस्थानचा प्रवास, असा तिचा अद्भुताचा साज आहे. तिची सुरुवात मात्र औरंगाबादेत होते. नानासाहेबाला पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांच्या बक्षिसाची जाहीर नोटीस लागली आहे, आणि एक फकीर ती फाडतो. तो फकीर म्हणजे खुद्द नानासाहेब. वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरात लपून तो नव्या उठावाची जुळवाजुळव करीत आहे.

इतिहासातले नानासाहेब पेशवे येथे बाजूला ठेवले पाहिजेत. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, १८५१ नंतर आठ लाखांचा तनखा नाकारला गेलेले, कानपूरच्या उठावाचे अग्रणी आणि १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झालेले, असे त्यांचे चरित्र आहे. कादंबरीतला नानासाहेब ही एक योजना आहे. त्याच्यासमोर कर्नल मन्रो उभा केला आहे. मन्रोची पत्नी कानपूरच्या बीबीघरातील हत्याकांडात गेली, असा सर्वांचा समज आहे. उलट, कादंबरीत नानाची सहचरी म्हणून दाखविलेली झाशीची राणी मन्रोच्याच हातून मारली गेली आहे. पुढे नानाचा भाऊही नाना समजून मारला जातो. इतिहासाशी याचा मेळ नाही. राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या, आणि त्यांना कोणाची सहचरी करणे हा व्हर्नचा शुद्ध कल्पनाविलास आहे. परंतु रचना म्हणून पाहिले तर दोन्ही पारड्यांत शोक सारखा तोलून ठेवलेला आहे. दोघांनी प्रिय स्त्री गमावली आहे आणि दोघांना सूड हवा आहे. उठावानंतरच्या इंग्रजी सूडसत्राचे वर्णनही व्हर्नने टाळलेले नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

असे असूनही एक नायक आणि दुसरा खल ठरतो. याचे कारण घटनांत नसून निवेदनात आहे. मोक्लेर हा फ्रेंच निवेदक मन्रोच्या सोबतीने प्रवास करतो. मन्रोचे मौन, त्याचा विझलेला चेहरा, कानपूरला जाण्याची त्याची ओढ आपण जवळून पाहतो. नानाचा शोक मात्र आपल्याला केवळ सांगितला जातो, आणि तोही त्याच्या क्रौर्याचे कारण म्हणून. मन्रोला रडायला पाने मिळतात. नानाला कट रचायला मिळतात. नेमोच्या खोलीतील ते चित्र नानाच्या गुहेत नाही. नाना शेवटी मन्रोला तोफेच्या तोंडी बांधतो. १८५७ मध्ये शिपायांना तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा इंग्रजांनीच सर्रास वापरली होती, पण पानावर ती नानाच्या दुष्टपणाची खूण होते. शिवाय मन्रोला त्याची वेडी झालेली पत्नी जिवंत परत मिळते. नानाला कोणी परत मिळत नाही. पोलादी हत्तीला बांधलेला नाना त्या यंत्राच्या स्फोटात सापडतो.

खलपुरुष शोकाच्या अभावातून घडत नाही. ज्याच्या शोकाला पानावर जागा नाकारली जाते तो खल होतो, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो. मग शोक हे खलत्वाचे समर्थन ठरते काय, असा आक्षेप येईल. तसे नव्हे. बीबीघरातील स्त्रिया आणि मुले कोणाच्याही शोकाने परत येत नाहीत, जशी नेमोच्या अश्रूंनी बुडालेली माणसे वर येत नाहीत. कृत्याचा न्याय कृत्यावरूनच व्हावा. प्रश्न एवढाच आहे की, तो न्याय करताना एकाच्याच घरातले रडणे ऐकू येत असेल, तर तो न्याय उरतो काय?

५

मराठीत व्हर्न आला तो मुख्यतः भा. रा. भागवतांच्या रसाळ लेखणीतून, मुलांच्या वाचनात. नेमो हा आपल्या पिढीला साहसी शास्त्रज्ञ म्हणून भेटला. त्याचे बुंदेलखंड आपण कधी गंभीरपणे घेतले नाही. त्याच मुलुखातून गेलेला एक मराठी मनुष्य मात्र आपल्यापाशी होता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि जिवानिशी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी ती हकिकत लिहिली; ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. झाशी पडल्यानंतरची लूट आणि प्रेते त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. तरीही त्या हकिकतीत सूडाचा स्वर नाही, आणि कोणाला राक्षस बनविण्याची घाईही नाही. शोकाने खलच निर्माण होतो असे नाही, तो साक्षीदारही निर्माण करतो, याचे हे उदाहरण व्हर्नच्या दोन्ही कादंबऱ्यांशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

आणि अश्वत्थामा? पित्याच्या अन्याय्य वधाचा शोक महाभारताने त्याला पुरेपूर दिला, त्याचे कृत्य तसूभरही सौम्य केले नाही, आणि शापही माफ केला नाही. त्याची भळभळती जखम आपल्या बोलीत वाक्प्रचार होऊन राहिली आहे, आणि सातपुड्याकडच्या लोकश्रद्धेत तो आजही जखमेसाठी तेल मागत फिरतो. त्याला कोणी वंदनीय मानले नाही, पण कोणी त्याला दारातून हाकलल्याचेही ऐकिवात नाही. भागवतात तर पाच मुलगे गमावलेली द्रौपदीच त्याला सोडून द्या म्हणते. आपण रडतो तशी त्याची आई रडू नये, एवढेच तिचे कारण. सायरस स्मिथने नेमोला निवाडा दिला. द्रौपदीने निवाडा दिला नाही. समोरच्याच्या घरातही एक आई आहे, हे तिने ओळखले. रौद्रापासून करुण आणि करुणापासून पुन्हा रौद्र, ही साखळी त्या एका ओळखीपाशी तुटते. व्हर्नच्या पोलादी हत्तीत पुष्कळ माणसांना जागा होती. ही ओळख मात्र त्यात कुठे बसली नाही.