उद्योगावरून मन उडतें तेव्हां

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



निवृत्त शिक्षकाच्या दारीं येणारे पाहुणे बहुधा त्याचे जुने विद्यार्थीच असतात. गेल्या दिवाळींत असाच एक विद्यार्थी मजकडे आला. पंधरा वर्षांपूर्वीं चांगली नोकरी सोडून त्यानें स्वतःचा लहानसा छापखाना काढला. धंदा बुडालेला नाहीं. कामें येतात, कामगारांचे पगार वेळेवर होतात. तरीही तो म्हणाला, “गुरुजी, सकाळीं कुलूप काढतांना हात जड होतो. ज्या शाईच्या वासासाठीं नोकरी सोडली, तोच वास आतां नकोसा झाला आहे. विकून टाकूं का?”

मीं त्यास तत्काळ उत्तर दिलें नाहीं. मीं जन्मभर महिन्याच्या महिन्यास पगार घेतला. नफ्यातोट्याची रात्र कशी असते हें मला ठाऊक नाहीं. अशा माणसानें धंदेवाल्यास उपदेश करणें शोभत नाहीं. परंतु इतिहास हा माझा शिकविण्याचा विषय. त्याचें बोलणें ऐकतां ऐकतां मला एका पुरुषाची आठवण झाली. त्याचें मन आपल्या उद्योगावरून एकदां नव्हे, दोनदां उडालें. आणि त्याचाहि पहिला मोठा उद्योग छापखान्याचाच होता. ते म्हणजे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु जनक होण्यापूर्वीं हा मनुष्य किती वेळां रिकाम्या हातांनीं घरीं परतला, याचा विचार आपण क्वचितच करतों. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं एका शास्त्र्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. मुंबईचें सर जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचें कलाभवन येथें त्यांनीं शिक्षण घेतलें. छायाचित्रकाराचा व्यवसाय त्यांनीं करून पाहिला. पुढें पुराणवस्तुसंशोधन खात्यांत नोकरी धरली, आणि स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली. नंतर त्यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला. तो पुढें दादर येथें आला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नांवानें चालूं लागला. रंगीत चित्रांच्या सुबक छपाईबद्दल त्याचा लौकिक झाला. परंतु भागीदाराशीं कारभाराविषयीं मतभेद झाले, आणि दादासाहेब त्यांतून कांहीं एक आर्थिक लाभ न घेतां बाहेर पडले.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांचें कौशल्य लोकांस ठाऊक होतें. नवा छापखाना काढून देण्यास भांडवलवाले तयार होते. परंतु दादासाहेबांचें मन त्या धंद्यावर पुन्हां बसेना. घरीं बायकोमुलें, वय चाळिशीचें, आणि चालत आलेल्या संधीस नकार! शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांस काय म्हटलें असेल, याची कल्पना आपण करूं शकतों.

त्याच उदास काळांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या एका तंबूंतल्या चित्रपटगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, आणि त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभीं राहत होतीं, असें त्यांनीं स्वतःच पुढें ‘नवयुग’ मासिकांत लिहून ठेविलें आहे. त्या दिवसापासून या मनुष्यास झोप म्हणून राहिली नाहीं. चित्रपट पाहणें, यंत्रें तपासणें, पुस्तकें वाचणें यांत डोळ्यांवर इतका ताण पडला कीं, दृष्टि जाण्याची वेळ आली. वैद्यकीय उपचारांनीं ती परत मिळाली. आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढून ते १९१२ सालीं लंडनला गेले, आणि कॅमेरा व फितींस भोकें पाडण्याचें यंत्र यांची सोय करून परतले. वाटाण्याचा वेल कसा वाढतो याची लहानशी फीत काढून त्यांनीं भांडवलवाल्यांची खात्री पटविली. अखेर ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आतां विचार करा. छायाचित्रण, रासायनिक प्रक्रिया, रंगांची समज, यंत्राशीं असलेली मैत्री, हें सर्व धन त्यांनीं आधींच्या उद्योगांतूनच आणलें होतें. छापखाना सुटला, परंतु छापखान्यानें दिलेला हात सुटला नाहीं. मन उडालें म्हणून मागचीं सारीं वर्षें वायां गेलीं असें मानणें चुकीचें आहे, ही या कथेची पहिली शिकवण.

दुसरी शिकवण अधिक कठीण आहे. दादासाहेबांनीं आपलें बिऱ्हाड व कारखाना नाशिकास नेला. १९१७ च्या ‘लंकादहन’ या चित्रपटास मोठेंच यश लाभलें. १९१८ मध्यें धनिक भागीदार मिळून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैशाची विवंचना संपली. आणि नेमकी त्याच वेळीं सुखाची वजाबाकी सुरू झाली. चित्रावर किती दिवस लागावेत, खर्च किती व्हावा, हिशेब कोणी मागावा, यावरून खटके उडूं लागले. कलावंतास वही जाचूं लागली, आणि भांडवलवाल्यास कलावंताचा हट्ट जाचूं लागला. दोघांपैकीं कोणासहि मी सर्वस्वीं दोषी म्हणणार नाहीं. पैसा लावणाऱ्यास हिशेब विचारण्याचा हक्क असतोच. शेवटीं कंटाळून दादासाहेबांनीं कंपनी सोडली आणि कुटुंबासह काशीचा रस्ता धरला.

गंमत अशी कीं, कंपनीशीं बिनसत असतांना काढलेला १९१९ चा ‘कालियामर्दन’ हा चित्रपट आजहि बऱ्याच अंशीं उपलब्ध आहे. त्यांत त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. तिच्या मुखावरील बदलते भाव पाहतांना, हें काम मन उडालेल्या माणसाचें आहे, अशी शंकाहि येत नाहीं. मन उडालें होतें तें वह्यांवरून आणि बैठकींवरून, कॅमेऱ्यावरून नव्हे. परंतु त्रासाच्या भरांत माणसास हा भेद दिसत नाहीं. तो म्हणतो, मला धंदाच नको.

काशीस त्यांनीं ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. तें पुढें रंगमंचावर आलें. पण त्यास फारसें यश लाभलें नाहीं. मधल्या काळांत ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनीं त्यांस चित्रपटांकडे परत येण्याविषयीं पत्र लिहिलें. त्या जगापुरते आपण मेलों आहों, अशा आशयाचें कडवट उत्तर दादासाहेबांनीं धाडलें. कोल्हटकर कसलेले पत्रकार. त्यांनीं तें उत्तरच छापून टाकलें! वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं, तींहि त्यांनीं छापलीं, आणि ते अंक काशीस पाठविले. ज्या माणसास भागीदारांच्या समजुती वळवूं शकल्या नाहींत, त्यास अनोळखी प्रेक्षकांच्या पत्रांनीं वळविलें. दादासाहेब नाशिकास परतले, त्याच कंपनीत पुन्हां काम करूं लागले, आणि १९२२ मध्यें त्यांचा ‘संत नामदेव’ आला.

पुढें सर्व गोड झालें, असें सांगून मी आपली फसवणूक करणार नाहीं. ते परतले ते मालक म्हणून नव्हे, तर पगारी निर्मितिप्रमुख म्हणून. जुने खटके अधूनमधून उडतच राहिले. १९३१ मध्यें बोलपट आला आणि काळ पालटला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांत त्यांचें देहावसान झालें, तें वैभवांत नव्हे. परत जडलेली आवड द्रव्याची हमी देत नाहीं. ती एवढेंच करते कीं, माणसास सकाळीं उठून आपल्या कामाकडे जावेंसें वाटतें.

आणखी एक नांव घेतल्यावांचून हें भाषण पुरें करणें कृतघ्नपणाचें होईल. सरस्वतीबाई फाळके यांनीं घरांतल्या माणसांचें आणि कामगारांचें जेवणखाण सांभाळून फितींस भोकें पाडण्याचें व त्या धुण्याचें काम केलें. पतीचा ध्यास त्यांनीं आपल्या झोपेंतून आणि जिनसांच्या विक्रीतून पोसला. घरच्या माणसास न विचारतां धंदा धरूं नये, आणि न विचारतां सोडूंहि नये.

हें सर्व मीं माझ्या विद्यार्थ्यास सांगितलें आणि मग विचारलें, “बाबा रे, तूं स्वतः यंत्रापाशीं शेवटचा कधीं उभा राहिलास?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चार वर्षें झालीं असतील. माझा सारा दिवस वसुलीच्या फोनांत जातो.” मीं म्हटलें, “तर मग तुला वीट कशाचा आला आहे, तें आधीं नक्की कर. एक महिना विकूं नकोस. वसुलीस कोणी माणूस ठेव, सकाळचे दोन तास यंत्राजवळ काढ, आणि घरीं बायकोशीं मोकळेपणानें बोल. महिन्यानेंहि शाईचा वास नकोसाच वाटला, तर खुशाल विक. तुझा हात तुझ्याबरोबर येईलच.”

महिना उलटून गेल्यावर तो आला. विकण्याचा विषय त्यानें काढला नाहीं. मींहि काढला नाहीं. एका लग्नपत्रिकेचा नमुना दाखवून कडेची वेल कशी साधली आहे, हें तो मला अर्धा तास समजावून सांगत होता. छापखाना आणखी किती वर्षें टिकेल, हें मी सांगूं शकत नाहीं. तूर्त त्याच्या नखांत शाई होती, एवढें मीं पाहिलें.