पायवाटा आणि सीमा : हेमलकशाभोवतीच्या चालण्याचा इतिहास

मराठी साहित्यात चालणाऱ्या माणसाला मानाचे स्थान आहे. वारकरी आहे, नर्मदेची परिक्रमा करणारा आहे, गडकोट पायी धुंडाळणारा गोनीदांसारखा लेखक आहे. १८५७च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे निघालेले आणि पुढे 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजीही आहेत. या सर्वांच्या चालण्याला एक प्रस्थान असते, एक हेतू असतो आणि परतल्यावर सांगण्यासारखी एक हकीकत असते. प्रवासवर्णन हा प्रकार उभा राहतो तो या तीन गोष्टींवर. मात्र ज्यांचे चालणे हेच रोजचे जगणे आहे, त्यांची नोंद या परंपरेत कोठे होते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्या दृष्टीने हेमलकशाच्या परिसराकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेत बेन्टन मकाय यांनी १९२१ साली अॅपलाचियन पर्वतरांगेतून जाणाऱ्या एका सलग पायवाटेची कल्पना मांडली. १९३७पर्यंत ती पूर्ण झाली. चौदा राज्ये ओलांडणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट १९४८मध्ये अर्ल शेफर एकाच मोसमात चालून गेले आणि त्या चालण्याला इतिहासात जागा मिळाली. तेथे राज्ये आधी होती, वाट नंतर आखली गेली. भामरागडच्या डोंगरांत नेमके उलटे घडले. वाटा जुन्याच होत्या. राज्ये त्यांच्यावर नंतर येऊन पडली.

पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम भामरागडला होतो. हेमलकसा तेथून जवळच आहे. पूर्वेला अबुझमाडचे डोंगर, इंद्रावतीपलीकडे बस्तर, दक्षिणेला सिरोंचा आणि गोदावरी. या सबंध पट्ट्यात माडिया गोंडांची वस्ती आहे. सोयरीक, आठवडी बाजार, मीठ आणि गावोगावचे सण यांसाठी नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसे एकमेकांकडे चालत जात आली आहेत. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरील ग्रंथ १९३८मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या बाजूच्या माडियांचा विचार करतानाही अभ्यासकाला त्याकडे वळावे लागते, कारण समाज एकच आहे.

आता याच प्रदेशाचा कागदोपत्री इतिहास पाहू. १८५४मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८५८मध्ये बाबूराव शेडमाके यांचा उठाव मोडून त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. सिरोंच्याचा भाग १८६०मध्ये निजामाकडून इंग्रजांना मिळाला आणि १८७४मध्ये चांदा जिल्ह्यात सामील झाला. पलीकडचे बस्तर संस्थानच राहिले. ते १९४८मध्ये मध्य प्रांतात विलीन झाले, तेव्हा दोन्ही तीर एका प्रांताखाली आले. ही अवस्था जेमतेम आठ वर्षे टिकली. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेत चांदा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बस्तर मध्य प्रदेशात राहिले. पुढे १९६०मध्ये महाराष्ट्र, १९८२मध्ये गडचिरोली जिल्हा, २०००मध्ये छत्तीसगड आणि २०१४मध्ये तेलंगण झाले.

१९४०च्या सुमारास भामरागडच्या परिसरात जन्मलेल्या माडिया माणसाचा विचार करावा. तो आपले गाव न सोडता चार नावांच्या राज्यांत राहिला. भावकीतल्या घरी जाण्याची त्याची वाट मात्र बदलली नाही. तिला वाटेत एक राज्यसीमा लागू लागली, एवढेच. सीमा ओलांडण्याचा त्याचा कोणताही संकल्प नव्हता.

बाबा आमट्यांच्या प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्यात नाले भरले की संपर्क तुटे. तरीही काही वर्षांतच दूरदूरच्या गावांतून रुग्ण येऊ लागले. आजारी माणसाला खाटेवर घालून, ती खाट बांबूला बांधून, खांद्यावरून आणले जाई. त्यात इंद्रावतीपलीकडून आलेलेही असत. दवाखान्याची कीर्ती ज्या वाटांनी पसरली, त्या सोयरिकीच्या आणि बाजाराच्याच जुन्या वाटा होत्या. म्हणूनच ती राज्यसीमेपाशी थांबली नाही.

बाबांनी १९८५मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे आणि १९८८मध्ये ईशान्येकडून गुजरातकडे 'भारत जोडो' अभियान काढले. सायकलींवरचा तो प्रवास राज्याराज्यांना जोडू पाहणारा होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण जोडण्याची भाषा तेथे लागते, जेथे तुटल्याची जाणीव असते. माडियांच्या चालण्यात ती जाणीव बाहेरून आली. १९८०मध्ये आंध्रातून सशस्त्र दलम नद्या ओलांडून या जंगलात आले, आणि त्यामागून पोलीस. दोघांनीही वापरल्या त्या याच पायवाटा. परिणामी रात्रीबेरात्री जंगलातून चालणारा माणूस दोन्ही बाजूंना संशयित वाटू लागला. कोठून आलास आणि कोणाकडे चाललास, या प्रश्नाच्या उत्तरावर जीव अवलंबून राहू लागला. नात्यातल्या घरी जाणे ही खुलासा देण्याची बाब झाली, ही या इतिहासातली सर्वांत मोठी हानी होय.

मराठी साहित्याने याची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीने माडिया तरुणाला केंद्रस्थानी आणले. प्रकाश आमटे यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच 'प्रकाशवाटा' आहे. परंतु ही दोन्ही लेखने बाहेरून येऊन तेथे राहिलेल्यांची आहेत. ती प्रामाणिक आहेत; तरी वाट जेथे दवाखान्याशी वा कार्यकर्त्याशी येऊन मिळते, तेथून ती आपल्याला दिसते. माडिया भाषेला लेखनाची जुनी परंपरा नाही. गाणी आणि कथा मौखिक आहेत. चालणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली वाट अजून बहुतांशी तेथेच आहे.

प्रवासवर्णन शिकवताना आपण 'प्रवासी कोण?' हा प्रश्न फारसा विचारत नाही. ज्याला परत येऊन लिहिता येते तो प्रवासी, असे आपण न बोलता धरून चालतो. हा निकष लावला तर खाट खांद्यावर घेऊन दोन राज्यांमधून चालत आलेली माणसे साहित्येतिहासाच्या बाहेर राहतात. अभ्यासक्रमात गोडसे भटजींशेजारी त्यांना बसवायचे, तर मौखिक गाणी, दवाखान्यातील आठवणी आणि सीमांच्या बदलाचे कागद एकत्र वाचावे लागतील. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे, आणि ते माडिया जाणणाऱ्यांच्या सोबतीने घ्यावे, असे आम्हाला वाटते.