त्रिलोक गुर्टू : बैठक मोडणारा ड्रमवादक

वसईच्या लग्नातील बँडमध्ये ड्रमवादक स्टुलावर बसलेला दिसतो. त्रिलोक गुर्टू यांनी ही बैठकच मोडली. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून ते ड्रम आणि तबला एकाच मांडणीत वाजवतात. शेजारी पाण्याची बादली असते. झांज वाजवून पाण्यात बुडवली, की तिचा स्वर खाली घसरतो.

ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांची मराठी रसिकांना ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या या पुत्राची मात्र द्यावी लागते, हे खेदाचेच. ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत जन्मलेले त्रिलोक तबल्यावर घडले आणि युरोपात डॉन चेरी यांच्यासारख्या जाझ कलावंतांसह वाजवू लागले. १९८४ साली ‘ओरेगॉन’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले. ती जागा पुढे त्रिलोक यांनी सांभाळली. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासोबत १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीत तबल्याचे बोल ते मुखाने म्हणतात आणि तेच हातांनी ड्रमवर उतरवतात. तिचे ध्वनिमुद्रण आवर्जून ऐकावे.

‘उसफ्रेट’ (१९८८) या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये गाणारा आवाज आहे तो आईचा. शोभाताई २००४ साली निवर्तल्या.