वस्तादाची नजर

बलवान पुरुषांचीं नांवें इतिहासाच्या लक्षांत राहतात. परंतु ज्यानें त्यांच्या बैठका मोजल्या, थकलेल्या शरीराला ज्यानें वेळींच थांबविलें, त्याचें नांव बहुधा कोठेंच आढळत नाहीं. आजच्या भाषणांत या दुसऱ्या माणसाविषयीं थोडें बोलावयाचें आहे. सध्यां शहरांतल्या व्यायामशाळांतून एकेकाला स्वतंत्रपणें शिकविणारा शिक्षक ठरविण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्याला इंग्रजी नांवानें ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात. ठराविक तास, ठराविक शुल्क, आणि त्या तासांत त्याचें सारें लक्ष एकट्या आपल्याकडे. जुन्या वळणाच्या घरांतून यावर हमखास एक प्रश्न निघतो: वजन उचलावयाला शिक्षक कशाला हवा? वजन जमिनीवर आहे, हात आपल्याला आहेत. मग तेथें तिसऱ्याचें काम काय? प्रश्न साधा आहे. पण त्याचें उत्तर नीट द्यावयाचें तर सुमारें नऊशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

चालुक्य कुळांतील राजा तिसरा सोमेश्वर याची राजधानी कल्याणी येथें होती. आज तें गांव बिदर जिल्ह्यांत बसवकल्याण या नांवानें ओळखलें जातें. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याच्या नांवावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्यांत राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत नाना विषय आहेत, आणि मल्लविद्येलाहि तेथें मानाचें स्थान आहे. मल्लांची प्रतवारी त्यांचें वय, शरीरमान व बळ पाहून लाविलेली आहे. त्यांच्या आहाराचा विचार केलेला आहे. आणि वजन घेऊन करावयाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम असे श्रमाचे प्रकार सांगितले आहेत. श्रमाचे प्रकार अनेक आणि मल्लांच्या पायऱ्याहि अनेक, म्हणजे कोणाला कोणता श्रम किती द्यावयाचा हें ठरविणारा कोणी तरी हवाच. सर्वांना एकच माप लावून चालत नाहीं, ही गोष्ट त्या काळींहि उमगलेली होती.

हाच विचार आपल्या भाषेनें शब्दांत साठवून ठेविला आहे. ‘वस्ताद’ हें फारसी ‘उस्ताद’ या शब्दाचें मराठी रूप. आणि ‘तालीम’ या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थच मुळीं शिक्षण असा आहे. ज्या जागेंत जोर-बैठका काढावयाच्या, मुद्गल फिरवावयाचे, तांबड्या मातींत अंग घुसळावयाचें, त्या जागेला मराठी माणसानें नांव दिलें तें बळाचें नव्हे, शिकवणुकीचें. तालमींत शिरणाऱ्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशीं डाव शिकवीत नसे. माती खणणें, हौदा सारखा करणें, थोडे जोर, थोड्या बैठका, एवढेंच त्याच्या वांट्याला येई. संख्या वाढे ती पोराच्या उत्साहानें नव्हे, वस्तादाच्या नजरेनें. श्वास कोठें तुटतो, गुडघा कोठें वळतो, पाठ कोठें वांकते हें तो पाहत असे. एखादा दांडगा पोर ईर्ष्येनें अधिक करूं लागला तर त्याला बाहेर काढून बसविणें, हाहि त्याच्या विद्येचाच भाग होता.

मल्लखांबाचे पुनरुद्धारक बाळंभटदादा देवधर यांची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळांत, हैदराबादेकडील अली व गुलाब या नामांकित मल्लांचें आव्हान त्यांनीं स्वीकारलें, आणि त्याच्या तयारीसाठीं वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन राहिले, असें परंपरा सांगते. कथेंतील दैवी भाग ज्यानें त्यानें आपापल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें त्यानंतर घडलें. खांबावरची ती विद्या दादांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. ती शिष्यांना दिली, शिष्यांनीं आपल्या शिष्यांना दिली. गुळगुळीत लांकडावर उलटें लटकलेल्या मुलाच्या खालीं हात पसरून उभा राहणारा माणूस, हेंच त्या विद्येचें मुख्य साधन होतें.

आतां याच सुमारास नव्हे, तर त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनीं, युरोपांत काय चाललें होतें तें पाहूं. कारण आजच्या शुल्क घेणाऱ्या शिक्षकाची वंशावळ अर्धी तिकडची आहे. जर्मनींत १८४४ सालीं जन्मलेला लुडविग डुर्लाखर हा ‘प्रोफेसर ॲटिला’ या नांवानें शक्तीचे खेळ करी, आणि श्रीमंतांना व राजघराण्यांतील मंडळींना खासगी रीतीनें व्यायाम शिकवी. ब्रुसेल्स येथें त्याच्या हातीं एक तरुण लागला. तो १८६७ सालीं केनिग्सबर्ग येथें जन्मलेला फ्रिड्रिख म्युलर, म्हणजेच पुढें जगप्रसिद्ध झालेला युजेन सँडो. अवजड वजनांची विद्या त्याला ॲटिलानें दिली. १८८९ सालीं लंडनमध्यें सॅम्सन नांवाच्या शक्तिवीराला सँडोनें हरविलें आणि एका रात्रींत त्याचें नांव झालें. पुढें गुरुशिष्यांची फारकत झाली. ॲटिला न्यूयॉर्कला गेला, तेथें त्यानें शाळा काढली आणि १९२४ सालीं मरेपर्यंत तो एकेका माणसाला शिकवीत राहिला.

शिष्यानें मात्र निराळी वाट धरली. १८९७ सालीं त्यानें लंडनमध्यें व्यायामाची संस्था उघडली व पुस्तक प्रसिद्ध केलें. स्प्रिंग बसविलेलें डंबेल त्यानें विकावयास काढलें. टपालानें व्यायाम शिकविण्याचीहि सोय केली. १९०१ सालीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें त्यानें शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरविली. परीक्षकांत कथालेखक कोनन डॉइल होते. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. ज्याला स्वतःला गुरूच्या नजरेखालीं बळ मिळालें, त्यानेंच जगाला असें सांगितलें कीं, गुरु नसला तरी चालेल, पुस्तक आणि साधन पुरे आहे!

या सांगण्यांत खोटें किती होतें आणि खरें किती? खऱ्याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रांतलाच आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सँडोचीं साधनें व पुस्तकें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्याबरहुकूम व्यायाम केला. त्यांना त्याचा गुण आला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्या व्यायामाचा प्रसार त्यांनीं पुस्तकांनीं व शाळांतून जन्मभर केला. पुस्तकावरून शिकतां येतें, हें यावरून सिद्ध होतें. परंतु दहा वर्षें एका नियमानें चालणारा मनुष्य मुळांतच विरळा. इतरांच्या घरीं तीं डंबेलें किती दिवस फिरलीं आणि किती वर्षें पलंगाखालीं पडून राहिलीं, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं.

पुस्तकाबरोबर दुसरी एक गोष्ट आली, ती सांघिक व्यायामाची. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा चालविणारे प्रोफेसर माणिकराव यांनीं आखाड्यांतील व्यायाम शिस्तबद्ध रांगांत बसविले व त्यांना देशी भाषेंतील आज्ञा दिल्या. त्यांच्याकडे १९०७ च्या सुमारास शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढें स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें. बडोद्यासच दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठींत तयार झाला. तालमीच्या भिंतींआड राहिलेली विद्या अशा रीतीनें शाळेच्या पटांगणांत व घरच्या कपाटांत आली. हा लाभ लहान नव्हे. वस्तादाच्या पद्धतींत एक मोठा दोष होता. तो ज्याला जवळ करी त्यालाच विद्या मिळे, आणि शेवटचा डाव शिष्यापासूनहि राखून ठेवण्याची वृत्ति त्या पेशांत नवी नव्हती. छापलेल्या पानानें ही मक्तेदारी मोडली.

तथापि ज्यानें शाळेंत आयुष्य घालविलें आहे, त्याला रांगेची मर्यादाहि ठाऊक असते. पन्नास मुलें एका आज्ञेवर खालीं बसतात, एका आज्ञेवर उठतात. लांबून दृश्य मोठें मनोहर दिसतें. पण तिसऱ्या रांगेंतल्या मुलाची टांच उचललेली आहे आणि चौथ्या रांगेंतला नुसताच वांकतो आहे, हें आज्ञा देणाऱ्याला दिसत नाहीं. फळ्यावरचें गणित सर्वांना एकच असतें; चूक मात्र प्रत्येकाच्या पाटीवर निराळी असते, आणि ती पाटी हातांत घेतल्यावांचून कळत नाहीं.

ही पाटी हातांत घेण्याचें काम शास्त्रानें केलें तें एका रुग्णालयांत. दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांचे पाय दुर्बळ होऊन जात. शिकागोच्या लष्करी रुग्णालयांतील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनीं, त्या वेळच्या समजुतीविरुद्ध, अशा सैनिकांकडून जड वजनें उचलविलीं. त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीचें मर्म असें कीं, ज्या वजनानें त्या माणसाला बरोबर दहा वेळां हालचाल करतां येईल आणि अकराव्या वेळीं येणार नाहीं, तें त्याचें माप; तें वेळोवेळीं पुन्हां काढावयाचें आणि भार क्रमानें वाढवावयाचा. म्हणजे वजन ठरवावयाचें तें पुस्तकावरून नव्हे, समोरच्या माणसावरून. वस्तादाची नजर येथें आंकड्यांत उतरली, एवढेंच.

आंकडे आले तरी माणूस गेला नाहीं, याचें उदाहरण खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. पहिले धडे त्यांना पहिलवान असलेल्या वडिलांनींच दिले; मग कोल्हापुरास वस्तादांच्या हाताखालीं तयारी झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळीं मातींतल्या या मल्लाला गादीवर लढावयाचें होतें. तेथें अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनीं त्यांना गादीवरचें तंत्र शिकविलें. त्या खेपेस खाशाबा सहावे आले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यांनीं ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक खेळांतलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. अंगचें बळ एकच होतें. जागा बदलली तेव्हां त्या जागेचा जाणता मनुष्य शेजारीं लागला.

अलीकडचा एक प्रयोगहि सांगण्याजोगा आहे. २००० सालीं अमेरिकेंतील बॉल स्टेट विद्यापीठांतील संशोधकांनीं वीस पुरुषांकडून बारा आठवडे एकाच आराखड्याप्रमाणें वजनाचा व्यायाम करविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अर्ध्यांच्या शेजारीं शिक्षक उभा होता, अर्धे आपले आपण करीत होते. कागद दोघांना एकच. पण शिक्षकाच्या देखरेखीखालचे लोक भार अधिक वेगानें वाढवूं शकले आणि अखेरीस त्यांचें बळहि अधिक वाढलेलें आढळलें. पुस्तक आणि माणूस यांतला फरक इतका सरळ मोजलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

हा प्रश्न आतां मल्लांपुरता राहिलेला नाहीं, म्हणून तो आपल्या घरांतून बोलावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांत प्रौढांनीं, आणि पांसष्टी उलटलेल्यांनींहि, आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असें सांगितलें आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात. मग जमिनीवरून उठतांना हात टेकावा लागतो, जिना चढतांना कठडा धरावा लागतो, आणि एके दिवशीं स्नानगृहांत पाय सरकतो. म्हातारपणचें स्वावलंबन पुष्कळसें मांड्यांच्या बळावर उभें असतें. ज्याच्या गुडघ्यांत कळ आहे, ज्याला रक्तदाबाचा विकार आहे, त्यानें वैद्याचा सल्ला घ्यावाच; आणि नंतर प्रथमचे कांहीं महिने तरी जाणत्याच्या नजरेखालीं काढावे, यांत कमीपणा मुळींच नाहीं.

मात्र जाणता कोण, हें पारखून घ्यावें. जुन्या वस्तादाला शिष्याच्या तासाचे पैसे मिळत नसत. म्हणून शिष्याला उगाच अडकवून ठेवण्याचें किंवा उगाच खूष करण्याचें त्याला कारण नव्हतें. शुल्क घेणाऱ्याला हा मोह होऊं शकतो. तेव्हां त्याचे दंड किती फुगलेले आहेत तें न पाहतां, पहिल्या दिवशीं तो काय करतो तें पाहावें. तो आपलें वय, जुनें दुखणें, झोंप, आहार विचारतो कीं लगेच वजन हातांत देतो? आज पुरे, असें म्हणण्याची त्याची तयारी आहे काय? तो आपल्याला कारण समजावून सांगतो, कीं नुसतीं आंकड्यांचीं फर्मानें काढतो? आणि वर्षभरानें आपल्याला त्याची गरज पूर्वीपेक्षां कमी वाटते कीं अधिक? चांगल्या शिक्षकाची गरज कमी होत जाते. शाळेंत तसेंच आहे, आणि तालमींतहि तसेंच आहे. ज्यांना शिक्षकाचें शुल्क झेपत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. गल्लींतल्या जुन्या तालमींत, संध्याकाळीं कट्ट्यावर बसून पोरांच्या बैठका पाहणारा एखादा वृद्ध मल्ल अजूनहि कोठें कोठें भेटतो. त्याला नमस्कार करून आपली बैठक एकदां दाखवावी; टांच उचलते कीं काय, तें तो ताबडतोब सांगेल.