नाग नदीतील सूक्ष्म प्लास्टिक आणि जड धातू

नागपूरला जिच्यावरून नाव मिळाले असे मानले जाते, ती नाग नदी लाव्हा परिसरातील टेकड्यांमध्ये उगम पावते. अंबाझरीनंतर शहरातून वाहताना ती सांडपाण्याची वाहिनी बनते. पुढे पिवळी नदीसह कन्हानला मिळून तिचे पाणी वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयात पोहोचते. या प्रवाहातील प्लास्टिक आणि जड धातू यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. झिजलेल्या पिशव्या, कृत्रिम कापडाचे तंतू आणि टायरची झीज ही त्यांची प्रमुख उगमस्थाने होत. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त हे धातू सांडपाणी, कारखाने व रस्त्यांवरील धुळीतून येतात.

धातू कसे चिकटतात?

कोऱ्या प्लास्टिकला धातू फारसे चिकटत नाहीत. मात्र ऊन आणि घर्षणाने पृष्ठभाग तडकतो, त्यावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात आणि ऋण भार वाढतो. साहजिकच धन भाराचे धातू-आयन त्याकडे ओढले जातात. जीवाणूंचा बुळबुळीत थर आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे ही क्षमता आणखी वाढवतात. पाण्याची आम्लता वाढली की हे धातू पुन्हा सुटतात. कण गिळलेल्या माशाच्या पचनमार्गातही असे घडू शकते.

काही धातू प्लास्टिकमध्ये मुळातच असतात. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे, तर पिवळ्या-लाल रंगांसाठी कॅडमियमची संयुगे वापरली गेली आहेत.

धोका किती?

नदीतील धातूंचा मोठा वाटा आजही चिकणमाती व गाळच वाहून नेतात. प्लास्टिकचे वेगळेपण असे की, हलके कण दूरवर जातात आणि जलचर त्यांना अन्न समजतात. पावसाळ्यातील पूर तळाशी बसलेले कणही पुढे ढकलतो. केवळ गाळलेले पाणी तपासल्यास कणांना चिकटलेला धातू अहवालातून निसटतो.

नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. त्याचा अंदाजित खर्च सुमारे १,९२५ कोटी रुपये होता. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत बहुतांश सूक्ष्म प्लास्टिक गाळात अडकते, धातूंचाही मोठा भाग तेथेच साचतो. हा गाळ उघड्यावर टाकल्यास किंवा तपासणीविना शेतात पसरल्यास पहिल्या पावसातच तो पुन्हा नदीत येऊ शकतो. त्यामुळे नदीची शुद्धता पाण्याइतकीच या गाळाच्या विल्हेवाटीवरही अवलंबून राहील.