पाझर तलाव कोणी खोदला?

इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय सुचवा म्हटलं की वर्गातून पहिल्या पाच मिनिटांत जी नावं येतात, ती मला आता पाठ झाली आहेत. शिवरायांची राज्यव्यवस्था, पानिपत, १८५७, दुसरं महायुद्ध, गांधीजी. यातला एकही विषय वाईट नाही, आणि मुलांना त्यांच्याबद्दल वाटणारं प्रेमही खरं असतं. पण पानिपतासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या अभ्यासकाने आयुष्यातली वर्षं घातली, आणि दहावीतल्या मुलाच्या हाती असते दिवाळीची सुट्टी. मग तो एका पुस्तकातला मजकूर वहीत उतरवतो, स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यावरची चित्रं कापून चिकटवतो आणि कव्हर घालून वही देऊन टाकतो. अक्षर सुरेख असतं. त्याला स्वतःला काय जाणून घ्यायचं होतं, ते मात्र वहीभर शोधूनही सापडत नाही.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पुस्तिका तयार केली ती या मुलासाठी. स्थानिक इतिहास हे तिचं क्षेत्र. त्यात शिरायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर देऊ शकेल असा एखादा कागद किंवा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असला की पुरतं. विषय निवडताना आपण बहुतेक वेळा उलट जातो. आधी भारदस्त नाव ठरवतो आणि मग माहिती कुठे मिळेल ते बघतो. आधी हाताशी काय आहे ते पाहा, असं माझं सांगणं आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ असा विषय घेऊन आली. कुठला दुष्काळ, विचारलं. “बहात्तरचा.” कुठल्या भागातला? ती गप्प. घरात तेव्हाचं कुणी आहे का, असं विचारल्यावर म्हणाली, “आजी आहे. ती खडी फोडायला जायची.” मी तिला विषयाचं नाव खोडायला लावलं आणि आजीशी बोलून ये म्हटलं.

ती आली तेव्हा वहीची सहा पानं भरली होती. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, हातोडा बसला तेव्हापासून ते तसंच वाढतं. हे नातीने आजवर रोज पाहिलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. आधी रस्त्याची खडी, मग गावाबाहेरच्या पाझर तलावाचं काम. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवायचे, कारण तो किती उंच उरला त्यावरून खोदाईची खोली मोजली जाई आणि त्या मापावर मजुरी ठरे. लहान पोरं झाडाला बांधलेल्या झोळीत. दुपारी सुकडी वाटली जाई. घरी तांबड्या मिलोची भाकरी, जी गार झाली की तुटायची नाही. त्या मातीच्या खांबाचं चित्र मुलीने पेन्सिलीने काढलं होतं, शेजारी आजीने सांगितलेली उंची लिहून: “माझ्या छातीएवढा.”

आता विषय कुठे आला बघा. महाराष्ट्रातून तालुक्यात, तालुक्यातून गावात, गावातून एका तलावात. नवख्या माणसाला वाटतं की विषय असा आकसत गेला तर लिहायला काही उरणार नाही. अनुभव याच्या उलट आहे. तलावापाशी पोचल्यावर प्रश्नांना तोंड फुटलं. तलावाखाली गेलेली जमीन कुणाची होती? कामावर कुठल्या वस्तीतली माणसं होती? बाईची आणि पुरुषाची मजुरी सारखी होती का? तलाव झाल्यावर पाणी कुणाच्या विहिरींना वाढलं? ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ या मथळ्याखाली यातला एकही प्रश्न सुचला नसता.

मग कागद. शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाने शाळा कधी आणि का सोडली याचे रकाने असतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिने दुष्काळाच्या वर्षांत शाळा सोडलेल्यांची नावं मोजली. तलाठ्याकडे जमिनीच्या जुन्या नोंदी होत्या. तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रांचे बांधीव अंक होते. आणि इथे एक गंमत झाली, जिच्यामुळे मला हा विषय अजून शिकवावासा वाटतो. आजी सांगत होती बहात्तर, पण पाऊस राज्याच्या अनेक भागांत १९७० पासूनच दगा देत होता. १९७२ चा पावसाळा सर्वांत वाईट गेला आणि कामांवरची गर्दी शिगेला पोचली १९७३ च्या मे महिन्यात. तेव्हा राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. म्हणजे आजीने तलावावर काढलेला उन्हाळा बहुधा त्र्याहत्तरचा. मुलगी हिरमुसली, आजी चुकीचं सांगते असं तिला वाटलं. मी तिला म्हटलं, हेच लिही. तीन वाईट वर्षं लोकांच्या बोलण्यात एका आकड्यात कशी गोळा झाली, हेही इतिहासाचंच काम आहे. कागद तारीख नेमकी सांगतो, पण मिलोची भाकरी गार झाल्यावर काय होतं ते कुठल्या कागदावर नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय या वयात लागली तर ती जन्मभर पुरते.

ज्यांना आणखी पुढे जायचं आहे त्यांनी शंभर वर्षं मागे जावं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळातही दख्खनची माणसं सरकारी कामांवर दगड फोडत होती. १८७७ मध्ये इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी दिवसाला साधारण एक पौंड धान्यापर्यंत खाली आणली गेली, आणि मुंबई इलाख्यात लोकांनी कामंच सोडली. १८७० मध्ये स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. त्या दुष्काळात लाखो माणसं दगावली. १९७३ मध्ये तसं झालं नाही. का नाही? ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी हा प्रश्न बारकाईने अभ्यासला आहे, आणि वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचं रूप आलं, त्या सगळ्याचा धागा आजीच्या तलावापर्यंत येतो. नववीच्या प्रकल्पात याचं पूर्ण उत्तर येणार नाही, येऊही नये. धागा कुठे जातो एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

असं दारोदार जाऊन इतिहास गोळा करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले. वाईला एका घरात सापडलेल्या जुन्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि माला बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच ध्यासातून. कितीतरी दप्तरं त्याआधीच वाळवीने खाल्ली होती किंवा बंबात गेली होती. तुमच्या घरातली रेशनकार्डं, गिरणीचे हजेरी पास, बाजाराच्या वह्या, सैन्यातून आलेली पत्रं आज त्याच वाटेवर आहेत. पाहून, फोटो काढून, नीट फडक्यात बांधून ठेवा.

आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्याला काय किंमत, असं कुणी विचारलं तर मुक्ता साळवे हे नाव सांगा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला आज तो वगळून पुढे जाता येत नाही.

विषय दुष्काळाचाच हवा असं नाही. पुण्यात कुणाच्या आजोबांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला असेल, पाटणकडच्या घरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवणारं कुणी असेल, परळ-लालबागच्या चाळीत जानेवारी १९८२ चा गिरणी संप अजून बोलला जातो. गावात पहिली पिठाची गिरणी कधी आली, एसटी कधी आली, हेही चांगले विषय आहेत. एवढंच बघा की वीस पानांत मावेल, आणि कमीत कमी दोन वेगळ्या जागांहून माहिती मिळेल.

विचारायला जाल तेव्हा दुपारच्या निवांत वेळी जा. मोबाइलवर आवाज टिपायचा तर आधी परवानगी घ्या. कुणी एखाद्या आठवणीपाशी थांबलं तर रेटू नका. त्या आजी झोळीतल्या बाळाविषयी बोलताना थांबल्या होत्या. नातीने पुढे विचारलं नाही, आणि वहीत तेवढी जागा कोरी ठेवली.

तिने काढलेला गावाचा नकाशा तिच्या परवानगीने पुढच्या पानावर छापला आहे. निळे ठिपके म्हणजे तलावानंतर पाणी वाढलेल्या विहिरी, सगळे तलावाच्या खालच्या अंगाला. लाल ठिपके म्हणजे कामावर गेलेल्यांची घरं. ते वरच्या वस्तीत आहेत.