लीव्हिंग होम
दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडवरील जयदीप वर्मा दिग्दर्शित माहितीपट. प्रदर्शन एप्रिल २०१०. सुश्मित सेन (गिटार), असीम चक्रवर्ती (तबला, गायन), राहुल राम (बेस) आणि अमित किलम (ड्रम) या चौघांचे सहजीवन, त्यांची गाणी आणि त्यांमागच्या आठवणी त्यात जवळून टिपल्या आहेत. ‘मा रेवा’ हे गाणे नर्मदा खोऱ्यातल्या लोकगीतावर आधारलेले; राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. करोल बागेतील खजूर रोडवरचे जुने घर ही बँडची तेव्हाची तालमीची जागा होती. २५ डिसेंबर २००९ रोजी चक्रवर्ती यांचे निधन झाले. ते चित्रपटगृहातील प्रदर्शन पाहू शकले नाहीत. त्यामुळे या चौकडीचे हे चित्रण अमोल ठरते.